वाहनावरील अँटेनाची केबल केवळ जाडीवरून निवडू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वाहनांवर बसवल्या जाणाऱ्या बिनतारी संचांविषयी आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी आस्थेने वाचला. संच किती वॅटचा असावा, अँटेना छताच्या मध्यभागी बसवली तर चारही दिशांना जवळपास सारखे प्रक्षेपण का होते, बॅटरीपासून संचापर्यंत वेगळी तार का ओढावी, हे सारे त्यात नेमकेपणाने सांगितले आहे. मात्र संच आणि अँटेना यांना जोडणाऱ्या कोॲक्सियल केबलच्या (मधली तार, तिच्याभोवती इन्शुलेशन, त्यावर धातूची जाळी आणि बाहेर वेष्टण अशा रचनेच्या तारेच्या) वाट्याला एकच वाक्य आले आणि केबल जितकी जाड तितकी चांगली, असा त्याचा आशय होता. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब, मालमोटारी आणि हौशी रेडिओचालकांच्या गाड्या यांवर संच बसवण्याचे व बिघडलेली जोडणी तपासण्याचे काम मी पुष्कळ वर्षे करत आलो आहे. तक्रारीच्या मुळाशी गेल्यावर दोष संचात क्वचितच सापडतो. तो बहुतेक वेळा केबलमध्ये किंवा केबलच्या टोकांशी असतो आणि त्यातले कितीतरी दोष जाड केबल नको तिथे दामटून बसवल्यामुळे उद्भवलेले असतात. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

जाड केबलचा आग्रह निराधार आहे असे मी म्हणत नाही. तो स्थिर केंद्रांच्या कामातून आला आहे आणि तिथे तो अगदी योग्य आहे. मनोऱ्यावर अँटेना, खाली खोलीत संच आणि मध्ये ३० मीटर केबल अशी मांडणी असेल, तर ४५० मेगाहर्ट्झवर साध्या, ५ मिलिमीटर जाडीच्या आरजी-५८ केबलमध्ये ९ ते १२ डेसिबलची घट होते (डेसिबल हे शक्तीच्या गुणोत्तराचे माप; ३ डेसिबल घट झाली की शक्ती निम्मी होते), म्हणजे संचातून निघालेल्या २५ वॅटपैकी अँटेनापर्यंत जेमतेम दीड ते तीन वॅट पोहोचतात. त्याच अंतराला १० मिलिमीटर जाडीची एलएमआर-४०० वापरली तर घट २.७ डेसिबलच्या आसपास राहते आणि १३ वॅटहून अधिक शक्ती वर जाते. असा फरक ज्याने एकदा मोजला, तो बारीक केबलकडे पुन्हा वळून पाहणार नाही. पण गाडीत केबलची लांबी क्वचितच पाच-सहा मीटरच्या पुढे जाते आणि त्या लांबीला सगळा हिशेब बदलतो.

हा हिशेब कसा बदलतो ते पाहू. केबलमधील घट वारंवारतेबरोबर वाढते, कारण वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागाच्या अधिकाधिक पातळ थरातून वाहतो आणि त्याला होणारा रोध साधारणपणे वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्याखेरीज मधल्या इन्शुलेशनमध्ये होणारा ऱ्हासही वर जाताना भर घालतो. आरजी-५८ च्या निरनिराळ्या प्रकारांत १०० मीटरमागे २७ मेगाहर्ट्झवर सुमारे ६ ते ८, १५० मेगाहर्ट्झवर सुमारे १५ ते २० आणि ४५० मेगाहर्ट्झवर सुमारे ३० ते ४० डेसिबल घट होते. हे आकडे भीतिदायक वाटतात, पण ते १०० मीटरचे आहेत. गाडीतल्या ५ मीटर केबलला हेच आकडे अनुक्रमे ०.४, १ आणि २ डेसिबलच्या आत येतात. १५० मेगाहर्ट्झवर आरजी-५८ च्या जागी एलएमआर-४०० बसवली, तर १ डेसिबलऐवजी पाव डेसिबल घट होईल, म्हणजे २५ वॅटच्या संचातून अँटेनाला २० ऐवजी साडेतेवीस वॅट मिळतील. ऐकणाऱ्याच्या संचावर सिग्नलची एक पायरी रूढ मापाप्रमाणे ६ डेसिबलची धरली जाते. पाऊण डेसिबलचा फरक कोणाच्याही कानाला जाणवणार नाही. एवढ्यासाठी बोटाएवढी ताठ केबल छताच्या अस्तराखालून, खांबाच्या आतून आणि आसनाखालून नेण्याचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यूएचएफमध्ये, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यांत, माझे मत वेगळे आहे. ४५० मेगाहर्ट्झवर २ डेसिबल घट म्हणजे २५ वॅटचे १६ वॅटहून थोडे कमी, आणि ८०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर त्याच ५ मीटरला आरजी-५८ दोन ते तीन डेसिबल खाते. शिवाय या पट्ट्यांत घट ग्रहणालाही बाधते. २७ मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यात बाहेरचाच गोंगाट इतका असतो की केबलमध्ये सिग्नलबरोबर तोही कमी होतो आणि ऐकण्यात फारसा फरक पडत नाही. यूएचएफवर मात्र संचाचा स्वतःचा अंतर्गत गोंगाट निर्णायक ठरतो आणि केबलने खाल्लेला प्रत्येक डेसिबल क्षीण सिग्नल ऐकण्याच्या क्षमतेतून थेट वजा होतो. डिजिटल संचात आवाज हळूहळू खरखरत जात नाही. मर्यादा ओलांडली की शब्द तुटतात आणि पाठोपाठ संपर्कच जातो, त्यामुळे तिथे हाताशी राखीव डेसिबल असलेले बरे. अशा ठिकाणी मी एलएमआर-२४० किंवा तिच्या तोडीची ६ मिलिमीटर जाडीची, फोम इन्शुलेशनची केबल सुचवतो. ४५० मेगाहर्ट्झवर ५ मीटरला तिची घट ०.९ डेसिबलच्या आत राहते. जागा फारच अडचणीची असेल तर एलएमआर-१९५ घ्यावी. तिची जाडी आरजी-५८ एवढीच, ५ मिलिमीटरला किंचित कमी, आणि घट सुमारे १.३ डेसिबल. म्हणजे जाडी न वाढवता फोम इन्शुलेशन आणि फॉइलचे आवरण यांच्या जोरावर घट कमी करता येते, आणि जाडी हाच निकष मानणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

आता आरजी-५८ या नावाविषयी, कारण सर्वाधिक फसगत इथे होते. आरजी क्रमांकांची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकी लष्करी मानकांतून आली. त्या मानकांत मधली तार, इन्शुलेशन, जाळी आणि बाहेरचे वेष्टण यांचे तपशील ठरलेले होते. आज मात्र वेष्टणावर आरजी-५८ किंवा त्यापुढे 'टाइप' हा शब्द छापलेली केबल त्या मानकाला उतरेलच असे नाही, कारण तो क्रमांक छापण्यापासून कोणालाही कोणी अडवत नाही. मानकाबरहुकूम बनवलेल्या आरजी-५८ सी/यू मध्ये मधली तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या १९ बारीक तारांची असते, जाळीही मुलामा दिलेल्या तांब्याची असते आणि ती इन्शुलेशनचा सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग झाकते. नाव तेच सांगणाऱ्या हलक्या केबलचे वेष्टण दोन बोटे सोलून पाहा: जाळीच्या तारा इतक्या विरळ असतात की त्यांच्या फटींतून आतले पांढरे पॉलिथिन लांबूनही दिसते, आणि जाळी नखाने सरकवली तर ती एका बाजूला गोळा होते. अशी केबल सिग्नल बाहेर सांडते आणि त्याच फटींतून गाडीतल्या चार्जरचा, एलईडी दिव्यांचा आणि इंजिनाच्या नियंत्रक यंत्रणेचा गोंगाट आत घेते. हल्लीच्या गाड्यांत अशी उपकरणे ठासून भरलेली असल्याने जाळीची घनता हा माझ्या लेखी पाव-अर्ध्या डेसिबलच्या घटीपेक्षा महत्त्वाचा मुद्दा आहे.

वेष्टणाचीही हीच गोष्ट. जुन्या आरजी-८ आणि आरजी-५८ ए केबलींच्या पीव्हीसी वेष्टणातील मऊपणा आणणारे द्रव्य कालांतराने पाझरून इन्शुलेशनमध्ये शिरत असे आणि घट वर्षागणिक वाढत जाई. आरजी-२१३ आणि आरजी-५८ सी/यू मध्ये हा दोष टाळणारे वेष्टण आले.

गाडी ही चालणारी, थरथरणारी, तापणारी आणि दारे उघडझाप होणारी वस्तू आहे, आणि केबलची खरी परीक्षा तिथे होते. एलएमआर-४०० ची मधली तार एकसंध असते, तांब्याचे आवरण असलेल्या ॲल्युमिनियमची. तिला बसवताना एकदाच २५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवलेले चालते. वारंवार वाकणार असेल तर त्रिज्या १०० मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. मागच्या झाकणाच्या बिजागरीपाशी एवढी ऐसपैस जागा कुठे मिळणार? तिथे ती रोज वाकते, मग फॉइलला चिरा पडतात, पुढे मधली तार थकून तुटते, आणि तुटलेली टोके एकमेकांना कधी टेकतात, कधी सुटतात. परिणामी झाकण बंद असताना संच व्यवस्थित चालतो आणि रस्त्यावर खड्डा आला की मध्येच मुका होतो. असा दोष शोधण्यात तंत्रज्ञाचा दिवस जातो आणि संच विनाकारण बदलला जातो. फोम इन्शुलेशनची आणखी एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे: उन्हात तापलेल्या गाडीत फोम मऊ पडतो आणि केबल त्या वेळी तीव्र कोनात वळलेली असेल तर मधली तार हळूहळू केंद्रातून सरकते. तार सरकली की त्या ठिकाणचा इम्पीडन्स, म्हणजे केबलमधल्या लहरीला जाणवणारा ओहममधला रोध, बदलतो. घन पॉलिथिनची आरजी-५८ किंवा आरजी-२१३ या बाबतीत अधिक सोशिक आहे. म्हणून झाकणाच्या कडेवर अँटेना बसवायची असेल तर बहुतारी मधली तार आणि मऊ वेष्टण असलेली केबल घ्यावी, मग कागदावर तिची घट थोडी जास्त असली तरी चालेल. इंजिनाच्या बाजूने केबल न्यायची वेळ आलीच, तर पॉलिथिन तिथे चालणार नाही. पीटीएफई (टेफ्लॉन) इन्शुलेशनची आरजी-१४२ जाडीला आरजी-५८ एवढीच असून २०० अंश सेल्सिअसच्या घरातले तापमान सहन करते.

याच्या उलट टोकाला आरजी-१७४ सारख्या, ३ मिलिमीटरहूनही बारीक केबली आहेत. चुंबकी बैठकीच्या अँटेनांना त्या सर्रास जोडलेल्या येतात, कारण दाराच्या रबरातून त्या सहज जातात. ४५० मेगाहर्ट्झवर ५ मीटर आरजी-१७४ मध्ये सुमारे ३ डेसिबल जातात, म्हणजे अर्धी शक्ती केबल तापवण्यात खर्च होते. दाराच्या फटीपुरता ३० सेंटिमीटरचा बारीक तुकडा आणि पुढे योग्य जाडीची केबल, ही तडजोड मला मान्य आहे. पूर्ण लांबी बारीक केबलने करणे मान्य नाही.

टीव्हीची केबल घरात पडलेली असते, म्हणून ती गाडीत वापरण्याचा मोह अनेकांना होतो. आरजी-६ आणि आरजी-५९ या ७५ ओहमच्या केबली आहेत, तर वाहनांवरील संच आणि अँटेना ५० ओहमच्या गृहीतावर बनवलेले असतात. ७५ ओहमच्या केबलमध्ये ५० ओहमच्या अँटेनापाशी एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.५ होतो आणि ४ टक्के शक्ती परतते. एवढ्यावर भागले असते तर मी तक्रार केली नसती. पण केबलची विद्युत लांबी (केबलमधील लहरीच्या वेगाप्रमाणे मोजलेली लांबी) पाव तरंगलांबीच्या विषम पटीत आली तर संचाला ५० ऐवजी ११२.५ ओहम दिसतात, एसडब्ल्यूआर २.२५ वर जातो आणि बरेच संच तिथे स्वतःची शक्ती कमी करतात. शिवाय टीव्हीच्या केबलमधली मधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आणि जाळी ॲल्युमिनियमची असते, जिच्यावर साधे सोल्डर धरतच नाही. ७५ ओहमच्या केबलचा वाहनावरील एक उपयोग मात्र शास्त्रशुद्ध आहे. मालमोटारीच्या दोन्ही आरशांवर एकेक अँटेना असते तेव्हा दोन्हींना पाव तरंगलांबीच्या विषम पटीतली ७५ ओहमची केबल जोडतात. प्रत्येक अँटेना ११२.५ ओहम दिसते आणि दोन्ही समांतर जोडल्यावर ५६ ओहम मिळतात, जे ५० च्या पुरेसे जवळ आहेत.

एसडब्ल्यूआर मीटरवर आंधळा भरवसा ठेवण्याविषयीही लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण निकृष्ट केबल या मीटरला चकवते. अँटेनापासून परतलेली शक्ती खाली येताना केबलमध्ये पुन्हा घटते, त्यामुळे संचाशी लावलेल्या मीटरला ती खऱ्यापेक्षा कमी दिसते. अँटेनाचा खरा एसडब्ल्यूआर ३ असेल आणि केबलमध्ये २ डेसिबल घट असेल, तर संचाशी मीटर १.९ दाखवतो. दोनच्या आत आहे म्हणून काम मंजूर होते. केबलची घट ३ डेसिबल असेल तर वरची अँटेना पूर्णपणे निखळली तरी मीटर ३ च्या पुढे जात नाही. मीटरचा काटा जितका समाधानकारक तितकी जोडणी चांगली, असे समजणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे: अँटेनाच्या टोकाशी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा रोध) आणि वॉटमीटर लावावा, संचाशीही तशीच मोजणी करावी आणि दोन्ही आकड्यांतून केबलची खरी घट काढावी.

केबल कितीही उत्तम असली तरी ती संपते कनेक्टरपाशी. पीएल-२५९ हा कनेक्टर वाहनांवर सर्वत्र दिसतो आणि त्याला यूएचएफ कनेक्टर असेही म्हणतात, तरी त्याचा इम्पीडन्स सर्वत्र सारखा नसल्याने ३०० मेगाहर्ट्झच्या वर तो वापरू नये; शिवाय तो पाणी थोपवत नाही. एन कनेक्टर पाणीरोधक असतो आणि त्याचा इम्पीडन्स ५० ओहम राहतो. संचाच्या बाजूला, जिथे सतत थरथर असते, तिथे फिरवून अडकवायच्या बीएनसीपेक्षा आट्यांचा टीएनसी टिकतो. कनेक्टर बसवताना जाळीची एक तारही मधल्या तारेकडे वळलेली राहता कामा नये, आणि जाळीला सोल्डर लावताना फोम वितळेल इतकी उष्णता देऊ नये. फोमच्या केबलला नीट मापाच्या साच्याने क्रिंप केलेला, म्हणजे दाबून घट्ट बसवलेला, कनेक्टर मला अधिक विश्वासार्ह वाटतो. पाणी एकदा आत शिरले की दिव्याच्या वातीने तेल ओढावे तसे जाळी ते मीटरभर आत ओढून नेते. अशी केबल कापली की आतली चकचकीत जाळी काळी पडलेली आणि तिच्या सांध्यात हिरवट भुकटी जमलेली दिसते. केवळ कनेक्टर बदलून ती सुधारत नाही. जाळी स्वच्छ लागेपर्यंत केबल कापत जावे लागते आणि बहुधा संपूर्ण बदलावी लागते. बाहेर राहणाऱ्या सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, आणि केबल गाडीत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकलेला एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जाते.

केबल ठराविक लांबीचीच हवी, हा समज २७ मेगाहर्ट्झच्या संचांबाबत विशेष पसरला आहे. १८ फुटांचा आकडा सांगितला जातो तो मोकळ्या हवेतील अर्ध्या तरंगलांबीचा. घन पॉलिथिनच्या केबलमध्ये लहरीचा वेग प्रकाशाच्या ६६ टक्के असल्याने तिथे अर्धी तरंगलांबी ३.७ मीटर, म्हणजे सुमारे १२ फूट भरते. अँटेना नीट जुळवलेली असेल तर लांबीचा प्रश्नच उरत नाही. उरलेल्या केबलचे वेटोळे आसनाखाली कोंबण्याऐवजी ती मोजून कापावी.

आपल्या लेखाचे वाचक अनेक संस्थांसाठी संच खरेदी करणारे अधिकारीही असतील. निविदेत 'कमी घटीची उत्तम केबल' एवढेच लिहिले तर पुरवठादार काहीही देऊ शकतो. त्याऐवजी प्रत्यक्ष वापराच्या वारंवारतेवर १०० मीटरमागे कमाल घट किती, इम्पीडन्स ५० ओहम आहे की नाही, मधली तार एकसंध की बहुतारी, जाळी कोणत्या धातूची आणि किती टक्के झाकणारी, इन्शुलेशन घन की फोम आणि वारंवार वाकवण्याची किमान त्रिज्या किती, हे स्पष्ट मागावे. काम ताब्यात घेताना दोन्ही टोकांची वॉटमीटरवरील मोजणी गाडीच्या नोंदवहीत लिहून घ्यावी, आणि ती मोजणी इंजिन चालू ठेवून, झाकण व दारे बंद करून घ्यावी. पुढच्या वार्षिक तपासणीत त्याच पानावर नवे आकडे लिहिले की कोणत्या गाडीची केबल बदलण्याच्या लायकीची झाली आहे हे संच उघडण्यापूर्वीच कळते.

आपला विश्वासू,
एक बिनतारी तंत्रज्ञ